जुने विणकाम-नमुने आणि आजची अंगमापे : एका साधनाची चिकित्सा

इतिहासाच्या साधनांची जी वर्गवारी आपल्या अभ्यासक्रमांत रूढ आहे, तीत दप्तरे, नाणी, शिलालेख, प्रवासवर्णने यांची स्थाने निश्चित झालेली आहेत. लोकरीच्या विणकामाचे छापील नमुनापत्रक या वर्गवारीत कोठे बसवावे, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. तथापि वेशभूषेचा आणि गृहजीवनाचा इतिहास लिहिणाऱ्यास अशी पत्रके आता मोठ्या संख्येने उपलब्ध झाली आहेत, आणि त्यांच्यावरून काही अनुमानेही काढली जाऊ लागली आहेत. त्यांपैकी एका अनुमानाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ते अनुमान असे. इंग्लंडात १९३० ते १९५० या दोन दशकांत छापलेले नमुने हाती घेऊन आज कोणी जंपर विणावयास बसले, तर तयार झालेला कपडा बहुधा अंगात येत नाही. पत्रकाच्या शीर्षकाखाली '३४ इंच छातीकरिता' असे छापलेले असते. विणून झालेले वस्त्र त्याहूनही अरुंद आणि कमरेशी आखूड निघते. यावरून 'त्या काळच्या स्त्रिया आजच्यापेक्षा फारच लहान चणीच्या होत्या' असे म्हणून विषय संपविला जातो. मग जुना नमुना आजच्या शरीरास जुळविणे म्हणजे केवळ गुणाकार करून टाके वाढविणे, असा समज होतो. आमच्या मते हे अनुमान सदोष आहे, आणि तो गुणाकारही सदोष आहे. दोहोंचा दोष एकच आहे : कागदावर छापलेले एक माप म्हणजेच एका काळाचे शरीर, असे दोन्हीकडे गृहीत धरलेले असते.

येथे एका शब्दाविषयी खुलासा करणे इष्ट होईल. मराठीत 'झंपर' हा शब्द पोलक्याच्या अर्थाने घरोघरी रूढ झाला. इंग्लंडात ज्यास 'जंपर' म्हणतात तो मात्र डोक्यावरून घालावयाचा विणलेला लोकरी अंगरखा होय. आपण त्यास सामान्यतः स्वेटर म्हणतो. प्रस्तुत लेखात 'जंपर' हा शब्द या दुसऱ्या अर्थानेच योजिला आहे.

१. छापील नमुन्याचा पूर्वेतिहास

सुयांवरील विणकाम युरोपात अनेक शतके चालत आलेले असले, तरी त्याच्या कृती छापून विकण्याचा व्यवसाय ब्रिटनमध्ये खऱ्या अर्थाने एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत उदयास आला. एडिंबरो येथील जेन गोगेन यांचे पुस्तक १८४० साली निघाले. लंडनच्या फ्रान्सेस लॅम्बर्ट यांचे 'माय निटिंग बुक' १८४३ साली प्रसिद्ध झाले. या पुस्तकांतील कृती वाचताना आजच्या वाचकास प्रथम जाणवते ती त्यांतील गाळलेल्या तपशिलांची संख्या. किती टाके घालावयाचे ते सांगितलेले असते. परंतु तयार वस्तू किती इंचांची व्हावी, एका इंचात किती टाके बसावेत, हे बहुधा सांगितलेले नसते. लॅम्बर्टबाईंनी सुयांची जाडी मोजण्याकरिता 'फिलियेर' नावाच्या मापसाधनाचा पुरस्कार केला, यावरूनच सुयांच्या मापांत किती गोंधळ होता याची कल्पना येते. ज्या वाचक स्त्रियांकरिता ही पुस्तके लिहिली गेली, त्यांना विणकाम येतच होते. पुस्तकाने त्यांना नवी नक्षी द्यावयाची होती. मापाची बाजू त्या स्वतः सांभाळीत.

१८८० च्या दशकात वेल्डन या प्रकाशनसंस्थेने स्वस्त मासिकमालिकांच्या रूपाने ही विद्या मध्यमवर्गात दूरवर पोचविली. विसाव्या शतकात या व्यवसायाची सूत्रे मोठ्या प्रमाणावर लोकर कातणाऱ्या गिरण्यांकडे गेली. हॅलिफॅक्सची बाल्डविन आणि अ‍ॅलोआची पेटन ही दोन घराणी १९२० साली एकत्र आली, आणि 'पेटन्स अँड बाल्डविन्स' या नावाने त्यांनी नमुनापत्रकांचा सपाटा लावला. ही पत्रके अल्प किमतीत मिळत. कारण गिरणीचा खरा नफा पत्रकात नसून लोकरीत होता. पत्रकावरील छायाचित्र, त्यातील तरुण स्त्री आणि तिच्या अंगावर चपखल बसलेला जंपर हे सर्व त्या लोकरीच्या विक्रीचे साधन होते. पत्रकाचा पुरावा म्हणून उपयोग करणाऱ्याने त्याची ही जन्मकथा विसरता कामा नये.

या काळात नमुन्यात एक महत्त्वाची भर पडली. इंग्रजी पुस्तकांत ज्यास 'टेन्शन' म्हणतात तो टाक्यांचा ताण, म्हणजे एका इंचात किती टाके आणि किती ओळी बसाव्यात याचा निर्देश, हळूहळू प्रत्येक नमुन्यात येऊ लागला. मेरी टॉमस यांच्या १९३८ सालच्या 'निटिंग बुक'मध्ये या विषयाचे पद्धतशीर विवेचन आहे. संशोधकाच्या दृष्टीने हा निर्देश अमोल आहे, कारण त्यामुळे शीर्षकातील माप आणि प्रत्यक्ष वस्त्राचे माप यांची तुलना करणे शक्य होते.

२. एकच माप आणि अनेक शरीरे

१९३० च्या दशकातील बहुसंख्य पत्रके एकाच मापाची आहेत, आणि ते माप सामान्यतः ३२ ते ३६ इंच छातीचे, त्यातही वारंवार ३४ इंचांचे आहे. एकाच मापाला धरून राहण्याची कारणे समजण्यास अवघड नाहीत. प्रत्येक नव्या मापासाठी मुंढा, बाही, गळा यांचा हिशेब नव्याने करावा लागे. पत्रकाची पाने मोजकी असत. आणि युद्धकाळात कागदावरच नियंत्रण आले. शिवाय ज्या तरुण ग्राहकवर्गाला नव्या फॅशनचे आकर्षण होते तोच पत्रकाचा अपेक्षित वाचक होता. प्रौढ व स्थूल स्त्रियांसाठी ४० इंच किंवा त्याहून मोठ्या मापाची पत्रके निघत. पण ती वेगळी असत, आणि त्यांतील कपडे बहुधा साधे, पुढून बटणे लावावयाचे व सैल असत. अर्थात मोठ्या शरीराच्या स्त्रिया त्या काळी होत्याच. फॅशनच्या जंपरच्या चित्रात त्यांना स्थान नव्हते.

हे केवळ तर्काने म्हणावे लागत नाही. १९५१ साली ब्रिटनमध्ये सुमारे ५,००० स्त्रियांची मापे पद्धतशीरपणे घेण्यात आली आणि त्या पाहणीचा अहवाल १९५७ साली प्रसिद्ध झाला. तिच्यात छातीची सरासरी सुमारे ३७ इंच, कमरेची साडेसत्तावीस इंच आणि नितंबांची ३९ इंच अशी आली. पाहणीच्या वेळी देशात अन्नाचे रेशनिंग चालू होते. १९४० साली सुरू झालेले ते नियंत्रण १९५४ साली संपले. तेव्हा १९३५ सालची ३४ इंची स्त्री सुबत्तेमुळे १९५१ साली ३७ इंची झाली, असे म्हणण्यास आधार नाही. अधिक सयुक्तिक निष्कर्ष असा की, पत्रकावरील ३४ हा आकडा सरासरी स्त्रीचा कधीच नव्हता. तो व्यवसायाने निवडलेला आकडा होता.

त्यानंतर अर्धशतकाने, २००१-०२ साली, 'साइझ-यूके' या नावाने ब्रिटनमध्ये दुसरी मोठी पाहणी झाली. तीत सुमारे ११,००० स्त्री-पुरुषांची मापे प्रकाशकिरणांच्या यंत्राने घेण्यात आली. स्त्रियांच्या छातीची सरासरी सुमारे साडेअडतीस, कमरेची ३४ आणि नितंबांची साडेचाळीस इंच आली. दोन पाहण्यांच्या पद्धती भिन्न होत्या. एकीत टेप होता, दुसरीत यंत्र होते. म्हणून लहानसहान फरकांवर भर देणे युक्त नाही. तरी एक गोष्ट डोळ्यांत भरते : छाती आणि नितंब यांत प्रत्येकी दीड इंचाची वाढ आहे, कमरेत मात्र साडेसहा इंचांची. शरीर सर्व बाजूंनी सारखे फुगलेले नाही. त्याचा आकारच बदलला आहे. जुन्या नमुन्याला कोणत्याही एका संख्येने गुणून आजच्या शरीरास जुळविता येणार नाही, याचे हे पहिले प्रमाण होय.

दुसरे प्रमाण अमेरिकेतील आहे. तयार कपड्यांच्या धंद्याला निश्चित मापे हवी होती, म्हणून तेथील शेतीखात्याच्या गृहअर्थशास्त्र विभागाने रूथ ओब्रायन व विल्यम शेल्टन यांच्या देखरेखीखाली १९३९-४० साली सुमारे १५,००० स्त्रियांची मापे घेतली; अहवाल १९४१ साली निघाला. या पाहणीत केवळ गौरवर्णीय स्त्रियांचीच मापे हिशेबात धरली होती, ही तिची मोठी मर्यादा होती. अशा १५,००० तरुण स्त्रियांच्या मापांच्या सरासरीवरून वैद्य रॉबर्ट डिकिन्सन आणि शिल्पकार एब्रॅम बेल्स्की यांनी 'नॉर्मा' नावाचा एक पुतळा घडविला. १९४५ साली क्लीव्हलंडच्या एका वृत्तपत्राने या पुतळ्याशी जुळणारे शरीर कोणाचे आहे हे शोधण्यासाठी स्पर्धा ठेवली. ३,८६४ स्त्रियांनी आपली मापे पाठविली. नऊ मापांपैकी पाच मापे सरासरीच्या आसपास असणाऱ्या स्त्रिया चाळीसही निघाल्या नाहीत, आणि नऊही मापांत सरासरी असणारी एकही निघाली नाही. १९४५ सालच्या स्त्रियांनाही १९४५ सालचे 'प्रमाण' शरीर नव्हते. तेव्हा 'जुने शरीर' विरुद्ध 'आजचे शरीर' अशी जी मांडणी केली जाते, तिची पहिली बाजूच काल्पनिक ठरते.

३. गणित आणि त्याची मर्यादा

आता प्रत्यक्ष फेरमापाकडे वळू. पुढील उदाहरण कल्पित आहे. मात्र त्यातील आकडे त्या काळच्या नमुन्यांत सर्रास आढळणाऱ्या आकड्यांसारखेच घेतले आहेत.

समजा, ३४ इंच छातीचा नमुना आहे. लोकर तीन पदरी. ताण इंचास ८ टाके व १० ओळी. बॉर्डर संपल्यावर पुढच्या भागाचे टाके १२८, मागच्या भागाचे १२८. नक्षी २० टाक्यांची. ती सहा वेळा येते आणि दोन्ही कडांना चार-चार साधे टाके राहतात. खालच्या कडेपासून मुंढ्यापर्यंत १२० ओळी, मुंढ्याची उंची ६५ ओळी, आणि मुंढे घटवून झाल्यावर खांद्याच्या रुंदीस १०४ टाके.

पहिले काम शीर्षकावर विश्वास न ठेवता भागाकार करण्याचे. १२८ भागिले ८ म्हणजे १६ इंच. दोन्ही भाग मिळून ३२ इंच. म्हणजे '३४ इंच छातीकरिता' असे म्हणणारे वस्त्र स्वतः ३२ इंचच आहे. ते अंगावर दोन इंच ताणले जावे, अशी नमुनाकाराची योजना आहे. ग्रंथसंपादक ज्यास अंतर्गत पुरावा म्हणतात तो हाच. शीर्षक एक सांगते, टाके दुसरे सांगतात. आणि टाक्यांचे म्हणणे ग्राह्य धरावे लागते. ४० इंच छातीच्या स्त्रीसाठी हाच जंपर विणावयाचा, आणि मूळचा दोन इंचांचा ताण राखावयाचा, तर वस्त्र ३८ इंचांचे हवे.

यासाठी तीन मार्ग संभवतात. पहिला मार्ग जुन्या पत्रकांतच सुचविलेला आढळतो : टाके तेच ठेवून जाड सुया घ्याव्यात. मापात एक-दीड इंचाचा फरक पाडावयाचा असेल तर तो चालतो. परंतु २५६ टाक्यांत ३८ इंच भरावयाचे, तर इंचास पावणेसातच टाके पडावे लागतात. वीण विरविरीत होते व वस्त्र लवकर आकार सोडते. शिवाय ओळीही त्याच प्रमाणात उंचावतात. मूळच्या १८५ ओळी साडेअठरा इंचांच्या होत्या, त्या आता सुमारे २२ इंच होतात. छाती मोठी असलेली स्त्री साडेतीन इंचांनी उंच असते असे नाही. पण नमुना तसे गृहीत धरू लागतो.

दुसरा मार्ग प्रमाणाचा, म्हणजे सर्व टाक्यांना एकाच संख्येने गुणण्याचा. १२८ चे १५२ करावयाचे म्हणजे सुमारे ११९ टक्के. त्याच हिशेबाने खांद्याचे १०४ टाके सुमारे १२४ होतात. म्हणजे १३ इंचांची खांद्याची रुंदी साडेपंधरा इंच झाली. हाडांचा सांगाडा मांसाबरोबर त्याच गतीने वाढत नाही. छातीत सहा इंचांचा फरक असला तरी खांद्यात तो साधारण इंचभराचाच असतो. परिणामी खांद्याची शिवण दोन्ही बाजूंना पाऊण इंच दंडावर उतरते. १९४० च्या आसपासच्या जंपरची फुगीर बाही खांद्याच्या टोकावरच उभी राहावयास हवी. ती खाली घसरली की त्या वेशाचा सारा डौल नाहीसा होतो.

तिसरा मार्ग कष्टाचा, पण तोच खरा. प्रत्येक अवयवाचे माप वेगळे घेऊन नमुना नव्याने मांडावयाचा. छातीस १५२ टाके. खांद्यास १४ इंचांचे ११२. म्हणून मुंढ्यात प्रत्येक बाजूला मूळच्या १२ ऐवजी २० टाके घटवावे लागतात. मुंढ्याची उंची साडेसहाऐवजी साडेसात इंच, म्हणजे ७५ ओळी. मुंढा बदलला की बाहीचा माथा बदलतो, कारण दोहोंच्या कडा एकमेकींना शिवावयाच्या असतात. छातीचा वाढीव घेर मागच्यापेक्षा पुढे अधिक असल्याने, काही ओळी पूर्ण न करता मधूनच परत फिरवून पुढच्या भागास खोली द्यावी लागते. आणि शेवटी नक्षीचा प्रश्न राहतो. १५२ टाक्यांत २० टाक्यांची नक्षी सात वेळा बसते व १२ टाके उरतात; कडांना सहा-सहा टाके देऊन हिशेब जुळतो. परंतु सहाच्या सात झाल्याबरोबर मध्यरेषा हलली! मूळ नमुन्यात ती दोन नक्ष्यांच्या सांध्यावर होती. आता ती चौथ्या नक्षीच्या पोटातून जाते. गळ्याकरिता काम दुभागताना ती नक्षी मधोमध चिरली जाणार. संपूर्ण वस्त्र जपावे की मूळ मांडणी जपावी, हा निर्णय येथे घ्यावाच लागतो, आणि तो गणित देत नाही.

याखेरीज साधनांची अडचण आहे. त्या काळच्या अनेक लोकरी आता मिळत नाहीत, आणि 'तीन पदरी' हे पदरांच्या संख्येचे वर्णन आहे, जाडीचे नव्हे. म्हणून लोकर निवडताना नावापेक्षा ताणाचा आकडा प्रमाण मानावा लागतो. सुयांच्या क्रमांकांतही सापळा आहे. ब्रिटिश पद्धतीत क्रमांक वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन पद्धतीत जाड होते. ब्रिटिश १० क्रमांकाची सुई सुमारे सव्वातीन मिलिमीटरची, तर अमेरिकन १० क्रमांकाची सहा मिलिमीटरची. पत्रक कोठे छापले हे न पाहता सुई घेणाराचा हिशेब पहिल्याच ओळीत बिघडतो.

४. कमर, घागरा आणि बदललेला वेश

वर म्हटले की दोन ब्रिटिश पाहण्यांमधील सर्वांत मोठा फरक कमरेत आहे. १९३० व १९४० च्या दशकांतील जंपरच्या बाबतीत हा फरक विशेष अडचणीचा ठरतो, कारण त्या वस्त्राची सारी रचनाच कमरेवर उभी आहे. १९२० च्या दशकातील जंपर सरळ नळकांड्यासारखा असे व नितंबांवर उतरे. पुढील दशकात फॅशन पालटली. कमर पुन्हा मूळ जागी आली, आणि सुलट-उलट टाक्यांची तीन-चार इंच उंचीची घट्ट बॉर्डर कमरेला आवळून बसू लागली. जंपर कमरेशी संपे, कारण त्याखालील घागराही कमरेवरच, आजच्या पाटलोणीपेक्षा बराच उंच, नेसला जाई. आज तोच जंपर कमरेखाली बांधलेल्या पाटलोणीवर घातला तर मध्ये पोट उघडे पडते, आणि घालणारी म्हणते की जुना नमुना आखूड आहे. नमुना आखूड नाही; त्याच्या जोडीचे दुसरे वस्त्र नाहीसे झाले आहे.

तीच गोष्ट अंतर्वस्त्रांची. पत्रकातील तरुणीचे शरीर हे बांधीव अंतर्वस्त्रांनी आकार दिलेले शरीर होते. जंपरची छाती, कमर व नितंब यांची प्रमाणे त्या आकारास धरून होती. म्हणून ज्यास आपण शरीराचा बदल समजतो त्याचा काही भाग खरोखर शरीराचा, काही भाग अंतर्वस्त्राचा आणि काही भाग घागऱ्याच्या उंचीचा आहे. फेरमाप करणारी स्त्री कमरेपाशी टाके वाढविते किंवा बॉर्डर खाली नेते, तेव्हा ती या तिन्ही बदलांचा एकदम हिशेब चुकता करीत असते.

युद्धकाळाने या प्रश्नास आणखी एक बाजू दिली. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले आणि १५ मार्च १९४९ रोजी संपले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपने मिळत, आणि विणकामाच्या लोकरीस दर दोन औंसांना एक कूपन लागे. ज्या जंपरला सात औंस लोकर लागे तोच मोठ्या मापाचा केल्यास नऊ औंस लागे, म्हणजे एक कूपन अधिक. 'आहे ते दुरुस्त करून वापरा' या आशयाची सरकारी पुस्तिका १९४३ साली निघाली. जुने लोकरी कपडे उसवून, लोकर धुऊन तिचे पुन्हा विणकाम करणे हा त्या काळचा सर्वसाधारण प्रघात होता. उसवलेली लोकर पत्रकातील लोकरीसारखी नसे व पत्रकाच्या वजनाइतकीही क्वचितच भरे. अशा स्थितीत पत्रकाबरहुकूम विणणे अनेकींना शक्यच नव्हते.

५. फेरमापाची जुनी परंपरा

येथे आपण मूळ प्रश्नापाशी येतो. सरासरी छाती ३७ इंच, पत्रक ३४ इंचांचे, आणि तरीही लक्षावधी स्त्रिया या पत्रकांवरून विणीत होत्या. याचा अर्थ एवढाच होऊ शकतो की त्या नमुने बदलून घेत होत्या. नमुन्यांच्या भाषेतही याची खूण आहे. 'दुसरी बाजू पहिलीशी जुळेल अशी करावी', 'इच्छित लांबी होईपर्यंत विणावे' अशी वाक्ये त्यांत जागोजागी येतात. ती आळसाची वाक्ये नव्हेत. विणणारीच्या हातात ज्ञान आहे असे धरून चालणारी वाक्ये आहेत. आपल्याकडे स्वेटर विणणाऱ्या आजीने अर्धवट विणलेला पुढचा भाग नातवाच्या पाठीला लावून 'अजून चार बोटे हवा' असे म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. त्या चार बोटांची नोंद कोठेही होत नाही.

नमुना आणि अंगमाप यांतील हे नाते पुढे काहींनी उघडपणे मांडले. इंग्लंडात जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन यांचे 'निटिंग विदाउट टिअर्स' हे पुस्तक १९७१ साली निघाले. तयार टाक्यांची यादी न देता त्यांनी ताण मोजावयास आणि अंगाच्या घेरावरून टाके काढावयास शिकविले. त्यांच्या पद्धतीत अंगाच्या टाक्यांच्या सुमारे एक-तृतीयांश टाके बाहीच्या वरच्या भागास व एक-पंचमांश मनगटास घेतात. ही प्रमाणे सैल, गोल विणलेल्या स्वेटरसाठी उत्तम. १९४० च्या अंगाबरोबरच्या जंपरला ती जशीच्या तशी लावता येत नाहीत, हे वरील खांद्याच्या उदाहरणावरून ध्यानात येईल.

जुन्या नमुन्यांच्या पुनर्मुद्रणाचा इतिहास जेन वॉलर यांच्या १९७२ सालच्या 'अ स्टिच इन टाइम' या संग्रहापासून सांगता येतो. त्यात १९२० ते १९४९ या काळातील नमुने एकत्र केले होते. सूझन क्रॉफर्ड यांच्या सहकार्याने या ग्रंथाची नवी आवृत्ती २००८ साली निघाली. तीत नमुने प्रत्यक्ष विणून पाहून, आज मिळणाऱ्या लोकरींत आणि अनेक मापांत नव्याने मांडले. अभ्यासकाच्या दृष्टीने विशेष गोष्ट अशी की, नव्या मांडणीशेजारी मूळ नमुनाही छापला आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची जी चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली, तिचे शिस्तीचे तत्त्व आपल्या परिचयाचे आहे : स्वीकारलेली संहिता वर, पाठभेद खाली, आणि वाचकास दोहोंची तुलना करण्याची मोकळीक. विषयाचे मोल भिन्न असले तरी संपादकाचे कर्तव्य भिन्न नाही. मूळ न दाखविता 'सुधारलेला' नमुना छापणे म्हणजे पाठभेद गाळून संहिता छापण्यासारखे आहे.

नमुन्यांच्या संग्रहांकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. 'अ हिस्टरी ऑफ हँड निटिंग' (१९८७) या मान्यताप्राप्त ग्रंथाचे कर्ते रिचर्ड रट हे लेस्टरचे बिशप होते. त्यापूर्वी कोरियात धर्मोपदेशक असताना त्यांनी तेथील साहित्याचाही व्यासंग केला होता. त्यांची व जेन वॉलर यांची संग्रहित पुस्तके व पत्रके आता साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या विंचेस्टर येथील कलाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहेत. परंतु कोणत्याही संग्राहकाचा स्वाभाविक कल स्वच्छ, कोऱ्या प्रतीकडे असतो. जुन्या पत्रकांच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले आकडे, खोडलेले टाके, ओळी मोजण्यासाठी मारलेल्या रेघा आढळतात. अशी प्रत मळकी म्हणून बाजूस पडते. वास्तविक विणणारीच्या शरीराचा एकमेव लेखी पुरावा त्या मळक्या प्रतीतच असतो. तयार वस्त्रांच्या बाबतीतही अशीच सावधगिरी हवी. जी वस्त्रे टिकून संग्रहालयात पोचली ती बहुधा कमी वापरलेली, पुढे कोणाच्या अंगात न येणारी, म्हणून लहान मापाची. जी मोठी होती ती वापरून झिजली अथवा उसवली गेली.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक : विणकामाच्या छापील नमुन्यावरील माप हा त्या काळच्या शरीराचा पुरावा नसून त्या काळच्या व्यवसायाचा व फॅशनचा पुरावा आहे. शरीराविषयी काही म्हणावयाचे असेल तर नमुन्याशेजारी अंगमापांच्या पाहण्या ठेवल्या पाहिजेत, आणि त्या पाहण्यांत कोणास मोजले व कोणास वगळले हेही पाहिले पाहिजे. दोन : नमुन्याचे फेरमाप ही गुणाकाराची क्रिया नाही. ताण, ढिलाई, हाडांची रुंदी, नक्षीची मांडणी आणि जोडीचा वेश या पाच बाबींचा स्वतंत्र विचार केल्यावाचून जुना नमुना नव्या अंगास बसत नाही; आणि हा विचार करताना नमुनाकाराने न लिहिलेले पुष्कळ काही वाचता येते. तीन : आज नमुना बदलून विणणारी स्त्री काही अपूर्व करीत नाही. १९३५ किंवा १९४५ साली पत्रक हाती घेऊन आपल्या अंगास जुळवून घेणाऱ्या स्त्रीचेच काम ती पुढे चालवीत आहे. फरक इतकाच की आजची स्त्री आपला हिशेब लिहून ठेवते, आणि पूर्वीच्या स्त्रीचा हिशेब लोकरीबरोबर उसवला गेला.

म्हणून या विषयात संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. नमुनापत्रकांची सूची करताना शीर्षक, वर्ष, प्रकाशक यांबरोबर ताणाचा आकडा, त्यावरून काढलेले वस्त्राचे खरे माप, आणि समासातील प्रत्येक हस्तलिखित नोंद ही तीन सदरे अवश्य असावीत. अशा शे-दोनशे पत्रकांची नोंद एकत्र झाली, तर शीर्षकातील ३४ इंची स्त्रीमागे उभ्या असलेल्या खऱ्या स्त्रिया किती मापांच्या होत्या, याचे उत्तर अंदाजाने न देता पुराव्याने देता येईल.